सूचक माई, अनुमोदक कोण?

भिवंडी,
२९ जानेवारी २०२५

चि. सौ. अदिती हिला माईचे आशीर्वाद, आणि अथर्वला एक गालगुच्चा.

पत्र बघून तुला हसू येईल. मानकोलीचा पूल ओलांडला की डोंबिवली, आणि सासू पत्र लिहीत बसली आहे! पण फोनवर तू ‘माई, पेशंट आहे, नंतर करते’ म्हणतेस, आणि ते खोटंही नसतं. पत्राच्या मध्ये पेशंट येत नाही. अनय आज येऊन गेला, त्याच्याच पिशवीत तिळाच्या लाडवांच्या डब्याखाली हे ठेवते आहे. अथर्वला एका वेळी एकच लाडू दे. गूळ चिक्कीचा निघाला, आणि त्याचे पुढचे दात हलताहेत.

इकडे ठीक आहे. तुझ्या सासऱ्यांचा गुडघा बोलतो, ते बोलत नाहीत. खालचे लूम पुन्हा दोन्ही शिफ्टला सुरू झालेत, म्हणून कानात कापूस घालून पेपर वाचतात. मी काही विचारलं की कापसाकडे बोट दाखवतात. बहिऱ्यापुढे रडगाणं गायचं तरी कुठवर, म्हणून आता कागदाकडे वळले आहे.

काल कोंढेपाड्याला बायजाबाईकडे हळदीकुंकवाला गेले होते. तुझ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर राहते ती. मी तिथल्या शाळेत असताना अर्ध्या गावाच्या पोरींना शेतावरून ओढून माझ्या वर्गात आणून बसवणारी बाई. मागच्या वर्षी हॉस्पिटलच्या समितीवर लोकांच्या वतीने एक बाई घ्यायची ठरली, तेव्हा माझं नाव तिनेच पुढे केलं, आणि सगळ्या बायकांनी मान डोलावली. मी केवढी फुगले होते! शिकवल्याचं चीज झालं, असं वाटलं. मग त्या बैठका. समोर तू, डॉक्टर आणि समितीची सचिव, वहीत माझं नाव ‘माननीय सदस्या’ लिहिणार. मी तुला ‘मॅडम’ म्हणणार. आणि बाहेर पडल्यावर तू हळूच विचारणार, माई, डब्यात भाकरी आहे का?

वर्षभरात एक तक्रार आली नाही. तक्रारपेटी उघडली की पाल निघायची. मी हे चारचौघींत सांगत सुटले होते, की आमच्या हॉस्पिटलात कुणाला काही बोलायला जागाच नाही.

तर काल. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, वाण म्हणून बायजाबाईने चहाची गाळणी लुटली. मग नेहमीप्रमाणे ‘नाव घ्या, नाव घ्या’ सुरू झालं. तिच्या सुनेची, मेघालीची पाळी आली. ती मुलगी आधी मान खाली घालून बसली होती. सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा उभी राहिली, आणि माझ्याकडे बघत म्हणाली,

‘वाड्याच्या रोडला टेम्पोची रांग,
विशालराव पुसतात, डाक्टरीन कुठं, सांग?’

मी हसले, अदिती. मोठ्यांदा हसले. ‘वा गं, पुन्हा घे!’ म्हणाले. शाळेतली खोड. आणि तिने पुन्हा घेतलं, शब्द न शब्द तसाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याखेरीज तिथे कुणीच हसत नव्हतं. बायजाबाई उगाच माझ्या हातावर तिळगूळ घालत राहिली.

निघताना अंगणात मेघालीला धरलं. काय झालंय ते सांग म्हटलं. ती आधी ‘काय न्हाय वो’ करत होती. मग म्हणाली, ‘माई, तुमची सून तिथं डाक्टरीन हाय म्हनून आमी तुमचं नाव घातलं. वाटलं घरचंच मानूस हाय, कामं होतील. आता बोलायचं म्हटलं तं तुमच्याच सुनंचं बोलावं लागतं. तुमच्या तोंडावर कसं बोलनार? मंग बसली समदी गप.’

तिच्यावर काय बेतलं, तेही मेघालीने तिथेच सांगितलं. तुला ते ठाऊक असणार. आज लिहीत नाही, लेखणी तिकडे वळत नाही. तू एकदा पेशंट नसताना फोन कर.

तुझी,
माई


भिवंडी,
६ फेब्रुवारी २०२५

चि. अदिती,

आशीर्वाद. हे पत्र पोस्टाने येईल. अनय म्हणाला, ‘तुमच्या दोघींमध्ये मला पोस्टमन करू नका.’ त्याचं बरोबर आहे. पण काल संध्याकाळी तुझा निरोप मात्र त्यानेच आणला.

निरोप मिळाला. मी समितीतून बाहेर पडावं, तब्येतीचं कारण सांगावं, म्हणजे कुणाला काही वाटणार नाही. मार्चअखेर तुझं कंत्राट नव्याने व्हायचं आहे, त्याआधी मेघालीच्या तक्रारीचा कागद वर गेला तर तुझ्यावर लाल शेरा बसेल. हे सगळं त्याने शांतपणे सांगितलं. मग जिना उतरता उतरता म्हणाला की अथर्वला आता रविवारी ड्रॉइंगचा क्लास लावलाय, तो येत जाणार नाही. ते शेवटचं तुझं होतं की त्याचं, मी विचारलं नाही.

मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आज लिहिते. न लिहून ते टळत नाही, हे आठवडाभर पाहिलं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी मेघालीला कळा सुरू झाल्या. फाटकासमोरचं घर, ती चालत हॉस्पिटलात आली. गोदू सिस्टर एकटी होती. बाळ आडवं आहे असं तिला वाटलं, तिने तुला फोन केला. तू भिवंडीच्या पुढे पोचली होतीस. तू म्हणालीस, शहरात पाठवा. तुझं सांगणं चुकीचं नव्हतं, सिस्टरच्या हातात ते नव्हतंच. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. विशालने शेजाऱ्याचा टेम्पो काढला. दापोड्याकडून येणाऱ्या ट्रेलरनी रस्ता भरलेला. टेम्पोतच झालं सगळं. मुलगी झाली. ती रडली नाही.

मी काल आपल्या घरात मोठ्याने म्हणून पाहिलं, ‘ती रडली नाही.’ तुझ्या सासऱ्यांनी कानातला कापूस काढला.

मला तुझी बाजू माहीत नाही असं समजू नकोस. तिथे दोन डॉक्टरांच्या जागा आहेत आणि तू एकटी आहेस. ओपीडी तू, बाळंतपणं तू, पोस्टमॉर्टेम तू, कुत्रा चावला तरी तू. मानकोलीची कोंडी लागायच्या आत निघालं नाही तर अथर्व पाळणाघराच्या पायरीवर बसून राहतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरने तिथेच राहावं असा नियम आहे म्हणतात. पण राहायचं कुठे? तुझ्या क्वार्टरमध्ये आपल्या समितीच्या अध्यक्षांच्या, चांगदेवच्या मंडळाच्या खुर्च्या आणि गणपतीचं मखर भरून ठेवलंय. ती खोली रिकामी करा, असं तू एकदा बैठकीत म्हणाली होतीस, आणि सगळे हसले होते. मीही.

म्हणून मी स्वतःचीच उलटतपासणी घेते आहे. मी हे तुझ्यावरच्या रागातून करते आहे का? राग आहे, नाही कशाला म्हणू. तुम्ही डोंबिवलीला गेलात तेव्हा मी शिवलेले पडदे तू लावले नाहीस, त्याचा आहे. माझ्या हातच्या आमटीत अनय आता मीठ कमी म्हणतो, त्याचाही आहे. सासू ती सासूच. उद्या मी हा विषय काढला की अख्खी भिवंडी म्हणेल, घरात जमलं नाही म्हणून सुनेला चव्हाट्यावर आणली. मला त्या हसण्याची भीती वाटते. तुझ्या कंत्राटाची त्याहून वाटते. आणि अथर्वच्या रविवारची किती वाटते ते इथे लिहीत नाही.

पण मी बाहेर पडले तर काय होईल ते बघ. माझ्या जागी चांगदेव आपल्या माणसाला बसवेल. बायका म्हणतील, माईलासुद्धा बोलायची हिंमत झाली नाही. मग पुढच्या वेळी कुठल्या हळदीकुंकवात कुणी उखाणासुद्धा घेणार नाही. त्या बायकांनी एक चूक केली, वशिल्याचं माणूस निवडलं. आपल्याकडे सगळे तेच करतात, शाळेत पोराला घालताना, रेशनकार्डाला, सगळीकडे. त्यांना वाटलं, सासूच्या धाकाने डॉक्टर वेळेवर राहील. माझा धाक! तुला माहीत असलेला!

मी दोन रात्री तळमळून काढल्या, अदिती. बुधवारी बैठक आहे. मी मेघालीची तक्रार मांडणार आहे. तुझ्याविरुद्ध आहे ती, आणि तशीच मांडणार. त्याच ठरावात दुसऱ्या डॉक्टरची जागा भरा आणि क्वार्टर मोकळं करा, हेही घालणार. पण आधी तक्रार. उलट क्रम केला तर तो तुला वाचवायचा डाव दिसेल, आणि थोडासा असेलही.

हे तुला बैठकीत अचानक ऐकवायचं नव्हतं, म्हणून आज लिहिलं. तू रागाव. तुझा तो हक्क आहे.

माई


भिवंडी,
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अदिती,

आशीर्वाद.

तीन दिवस तुझा फोन नाही. मीही केला नाही. काय बोलायचं ते सुचेना, आणि सुचलं ते फोनवर मावण्यासारखं नव्हतं. तू बैठकीत होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. तू मान खाली घालून लिहीत होतीस. मी वर बघत होते. दोघींनी वेगवेगळी बैठक पाहिली असणार.

मी तक्रार वाचली तेव्हा चांगदेवने आधी चहावाल्याला हाक मारली. मग म्हणाला, ‘माई, ह्ये घरातलं हाय. घरात बसून मिटवा ना. सरकारी कागदावर सासूसुनेचं भांडान कशाला?’ आणि हसले सगळे. बाळारामचं मेडिकलचं दुकान फाटकालगतच आहे, मेघालीला टेम्पोत चढवायला तो स्वतः होता. तो सगळ्यांत मोठ्याने हसला. माझे कान तापले. मी ज्याला घाबरत होते तेच झालं, आणि झाल्यावर कळलं की त्याने माणूस मरत नाही. मी म्हटलं, चांगदेव, मेघाली माझ्या घरातली नाही. तिचं बाळही नव्हतं. मी ठराव मांडते आहे, सूचक मी. अनुमोदक कोण?

कुणी नाही.

तुला तो वेळ किती वाटला? मला वाटलं चहा गार होऊन त्यावर साय धरली असेल. एकेकाकडे पाहिलं. बाळाराम हात जोडून म्हणाला, ‘माई, तुमच्या घराविषयी आमाला आदर हाय. तुमच्या सुनंच्या विरोधात आमी हात वर करायचा? शोभतं का?’ बघ. मी स्वतः मांडलेला ठराव माझ्याच आदरापोटी पडणार होता! बाहेर इंजेक्शनच्या बाकावर बायजाबाई आणि मेघाली बसल्या होत्या. त्या सदस्य नाहीत, म्हणून त्यांना आत बोलता येत नव्हतं, आणि आत ज्यांना बोलता येत होतं ते माझा मान राखत बसले होते. मला ओरडावंसं वाटलं.

आणि तू मान वर न करता म्हणालीस, ‘अनुमोदन मी देते.’

चांगदेवला आधी समजलंच नाही. ‘मॅडम, तुमच्याच विरोधात हाय ठराव,’ असं त्याने तुला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. तू म्हणालीस, ‘सचिव असले तरी सदस्य आहे ना मी? मग लिहिते.’ आणि लिहिलंस. वाचूनही दाखवलंस. मी मांडताना ‘त्या संध्याकाळी डॉक्टर उपस्थित नव्हते’ असं म्हटलं होतं. भ्याड वाक्य. तू वाचलंस ते असं: ‘त्या संध्याकाळी डॉ. अदिती वेळेआधी निघून गेल्या होत्या.’ दुसऱ्या डॉक्टरची जागा भरा, क्वार्टर मोकळं करा, तेही खाली सगळं घातलंस. चांगदेवला त्यावर सही करावी लागली, कारण आता नाही कशाला म्हणायचं ते त्याला सुचेना.

मग लेबर रूममधून गोदू सिस्टरने हाक मारली आणि तू मागच्या दाराने निघून गेलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. चहा घेतला नाहीस. तुझ्या कपावर बशी झाकून मी बराच वेळ बसून राहिले, कुणासाठी कोण जाणे.

मी तुला ओळखत नव्हते, अदिती. एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं उभ्या राहिलो, तुझ्या चहात किती साखर लागते ते मला ठाऊक, पण हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला तुझा इतका अभिमान वाटला की लाज वाटली. तुला वाचवायची धडपड मी आधीपासून मनात करत होते, आणि तुला तर वाचायचंच नव्हतं.

बाहेर आले. बायजाबाईला सांगितलं, ठराव झाला, ठाण्याच्या जिल्हा आरोग्य ऑफिसला जाईल. अनुमोदन कुणी दिलं तेही सांगितलं. तिने मेघालीकडे पाहिलं. बोलली ती मेघाली. मला वाटलं तिचा जीव थंड झाला असेल, निदान थोडा. ती म्हणाली, ‘मंग आता तिला काढनार का?’

मी म्हटलं, काढतीलही. मार्चला कंत्राट संपतंय.

‘आन मंग कोन येनार?’

ती पदर घट्ट धरून बसली होती. म्हणाली, ‘मला तिचा राग हाय. लय हाय. तिनं समोर येऊन बोलावं माझ्याशी. पन काढू नका तिला. ऱ्हायला लावा हितं. माज्या जावंला आठवा लागलाय.’

तिच्या जावेला आठवा महिना! हे मला माहीत नव्हतं, तुला असेल, केसपेपर तुझ्याकडेच असणार. मी त्या बाकावर तिच्या शेजारी बसले. आम्ही शिकलेली माणसं तक्रार म्हटली की शिक्षेपर्यंत जातो आणि थांबतो. तिला शिक्षा नको होती असं नाही. पण तिला डॉक्टर हवी होती.

तर सोमवारी आम्ही ठाण्याला जाणार आहोत. बायजाबाई, मेघाली, पाड्यावरच्या आणखी काही जणी, आणि मी. विशालने जीप सांगितली आहे. ठराव पुढे सरकला का ते विचारणार. शेरा मारायचा तर मारा, पण डॉक्टर काढू नका, दुसरी द्या आणि हिला राहायला खोली द्या, असं सांगणार. ऐकतील का? माहीत नाही. तिथल्या टेबलांवरची माणसं काय सांगतात ते मला चांगलं माहीत आहे. तरी जाणार. मखर अजून खोलीतच आहे. चांगदेव म्हणतो गणपतीपर्यंत राहू द्या. त्यालाही जीपमध्ये घालावा म्हणते.

मेघाली तुझ्याशी बोलायला तयार आहे, हे मी तुला कळवते आहे, आग्रह करत नाही. ती ओरडेल, रडेल. तुला ते ऐकावं लागेल, आणि मी मध्ये पडणार नाही. अथर्वला पाठव किंवा पाठवू नकोस. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, आणि मला त्याला बक्षीस म्हणून नको आहे.

सोमवारी सकाळी जीप भिवंडीला आपल्या दारावरून जाईल; पोस्टाने हे त्याआधी पोचणार नाही, म्हणून एवढं एकदाच अनयच्या हाती देते आहे. तुझी सुट्टी असते त्या दिवशी. मी पुढे बसणार नाही, मागे बायकांत बसणार आहे. तुझ्यासाठी जागा धरून ठेवणार नाही. सासूने धरलेली जागा तुला नको, आणि त्या बायकांनाही नको. पण एक जागा रिकामी आहे, एवढं खरं आहे. कोण बसेल ते त्यांनी आणि तू ठरवायचं.

‘तुझी’ हे आता तुला विचारल्याशिवाय लिहवत नाही. म्हणून नुसतीच,

माई